गोष्टीचं पुस्तक अभ्यासाला कसं आलं

दहावीचा निकाल लागला की आपल्या गटांच्या बैठकीत हप्ते आणि व्याजाइतकीच चर्चा आणखी एका गोष्टीची होते. कुणाच्या मुलीला कशाला घालायचं? टक्के भरपूर पडले तर सायन्स, बरे पडले तर कॉमर्स आणि तेही जमत नसेल तर आर्ट्स. आर्ट्सचं नाव घेताना आईचा आवाजसुद्धा जरा खाली येतो. "काय, गोष्टी-कविताच तर वाचायच्या," असं कुणीतरी म्हणतं आणि विषय संपतो.

आज मी या गोष्टी-कवितांचाच इतिहास सांगणार आहे. तो बराचसा इंग्लंडातला आहे आणि थोडा आपल्या नाशिक-पुण्याचाही आहे. आपल्याच भाषेतली गोष्ट वाचणं हा शाळा-कॉलेजचा विषय कसा झाला, तो आधी कुणाच्या वाट्याला आला आणि त्यांनी त्याचं काय केलं, हे मला तुमच्यापुढं मांडायचं आहे.

आधी तिथलं आजचं चित्र बघू. इंग्लंडमध्ये मुलं सोळाव्या वर्षी आपल्या दहावीसारखी परीक्षा देतात. पुढची दोन वर्षं म्हणजे आपली अकरावी-बारावी. त्यांना तिथं 'सिक्स्थ फॉर्म' म्हणतात. फॉर्म म्हणजे बाक. जुन्या शाळांत इयत्तेप्रमाणे वेगवेगळ्या बाकांवर मुलं बसायची, त्यातला सहावा बाक सगळ्यांत मोठ्या मुलांचा. बाक गेले, नाव राहिलं. या दोन वर्षांत मुलं साधारण तीनच विषय घेतात, पण ते खोलात शिकतात. शेवटच्या परीक्षेला 'ए लेव्हल' म्हणतात. विद्यापीठातला प्रवेश बहुतेकदा तिच्यावर ठरतो.

इंग्रजी साहित्य हा त्यातलाच एक विषय. यात अर्ज लिहा, निबंध लिहा, व्याकरण सोडवा असलं काही नसतं. अख्खी पुस्तकं वाचायची असतात. आत्ताच्या नियमाप्रमाणे दोन वर्षांत किमान आठ. त्यांतली तीन तरी १९०० सालाच्या आधीची हवीत आणि त्या तिनांत एक शेक्सपिअरचं हवंच. एक तरी २००० सालानंतरचं हवं. काही पेपरांना तर परीक्षेच्या हॉलमध्ये पुस्तक सोबत ठेवायची परवानगी असते. ही कॉपी नव्हे बरं का, नियमच तसा आहे. पुस्तक पाठ आहे का, हे तिथं विचारायचंच नसतं. वाचून तुला काय समजलं आणि ते कशावरून, हे विचारायचं असतं.

आता मागं जाऊ. दोनशे वर्षांपूर्वी हा विषय असा नव्हताच. तेव्हा इंग्लंडमधल्या मोठ्या शाळांत आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या विद्यापीठांत शिक्षण म्हणजे मुख्यतः लॅटिन, ग्रीक आणि गणित. इंग्रजी ही तर घरची भाषा. तिच्यातली नाटकं, कविता, कादंबऱ्या रात्री शेगडीपाशी बसून वाचायच्या. त्यात शिकवायचं काय आणि परीक्षा कसली घ्यायची, असं मोठमोठ्या विद्वानांना वाटायचं. आपल्याकडं जात्यावरच्या ओव्यांना कधी कुणी मार्क दिले का? तसंच ते.

मग हा विषय आला कुठून? ज्यांना लॅटिन-ग्रीक द्यायचं नव्हतं, त्यांच्याकडून. असे लोक मुख्यतः तीन प्रकारचे होते. एक बायका, दुसरे कामगार आणि तिसरे आपण, म्हणजे इंग्रजांच्या राज्याखालची माणसं.

बायकांचं आधी सांगते. त्या काळी इंग्लंडमधल्या मध्यम घरातली मुलगी बिनलग्नाची राहिली किंवा बाप गेला, तर तिला अब्रूनं करता येण्यासारखं काम जवळपास एकच होतं. श्रीमंताच्या घरी राहून त्यांच्या मुलांना शिकवायचं. पण हिला स्वतःला कुणी धड शिकवलेलं नसायचं, त्यामुळं पगार तुटपुंजा. अशा शिक्षिकांना नीट शिकता यावं म्हणून १८४८ साली लंडनच्या हार्ली स्ट्रीटवर क्वीन्स कॉलेज निघालं. दुसऱ्याच वर्षी, १८४९ ला, एलिझाबेथ रीड नावाच्या विधवा बाईंनी स्वतःचा पैसा घालून बेडफर्ड कॉलेज काढलं. क्वीन्स कॉलेजात पहिल्यापासून इंग्रजी साहित्य शिकवलं जायचं. सुरुवातीला ते शिकवायला चार्ल्स किंग्जली हे कादंबरीकार होते.

वर्ग मिळाले, पण परीक्षा कुठं होती? मुलग्यांसाठी केंब्रिज विद्यापीठानं १८५८ पासून शाळेच्या पातळीवरची एक परीक्षा सुरू केली होती. मुलींना तिथं मज्जाव होता. एमिली डेव्हिस नावाच्या बाईंनी पिच्छा पुरवला, तेव्हा १८६३ साली विद्यापीठ कसंबसं कबूल झालं. तेच पेपर मुलींनी सोडवून बघावेत, पण निव्वळ प्रयोग म्हणून. तयारीला मिळाले सहा आठवडे. तेवढ्या वेळात डेव्हिसबाईंनी ऐंशीहून जास्त मुली गोळा केल्या. त्यांतल्या बऱ्याच जणी गणितात नापास झाल्या. "बघा, आम्ही म्हणतच होतो," असं म्हणायची सोय झाली. पण शाळांनी तो निकाल वेगळ्या नजरेनं वाचला. मुलींना गणित शिकवलंच जात नव्हतं, हे त्यातून कळलं. शाळांनी शिकवणं सुधारलं आणि १८६५ पासून ती परीक्षा मुलींना रीतसर खुली झाली. परीक्षेला बसल्याशिवाय कमी कुठं पडतो हेही कळत नाही. आपल्या गटाचं पहिलं लेखापरीक्षण झालं तेव्हा आपणही हेच शिकलो होतो.

आता कामगार. दिवसभर कारखान्यात राबणाऱ्या माणसांसाठी १८५४ साली लंडनमध्ये वर्किंग मेन्स कॉलेज निघालं. संध्याकाळी वर्ग भरायचे. पुढं १९०३ साली अल्बर्ट मॅन्सब्रिज नावाच्या कारकुनानं आणि त्याची बायको फ्रान्सिस हिनं कामगारांच्या उच्च शिक्षणासाठी संस्था काढायचं ठरवलं. खिशात पैसा नव्हता. तेव्हा फ्रान्सिसनं घरखर्चातून बाजूला काढलेले अडीच शिलिंग दिले, तेच संस्थेचं पहिलं भांडवल. मैत्रिणींनो, डाळीच्या डब्यातली बचत काय करू शकते हे आपल्याला कुणी सांगायला नको! तीच संस्था पुढं वर्कर्स एज्युकेशनल असोसिएशन या नावानं देशभर पसरली आणि आजही चालू आहे. तिच्या वर्गांत अर्थशास्त्र, इतिहास यांच्या बरोबरीनं साहित्यही होतं आणि पुढं बायकाही मोठ्या संख्येनं येऊ लागल्या.

तिसरे आपण. १८३५ साली इंग्रज सरकारनं ठरवलं की हिंदुस्थानात वरच्या शिक्षणाचा पैसा इंग्रजी शिक्षणावर खर्च करायचा. हेतू उघड होता. इथल्या काही लोकांना इंग्रजी वळण लावायचं आणि त्यांच्या मदतीनं राज्य चालवायचं. १८५७ ला मुंबई विद्यापीठ स्थापन झालं. गंमत बघा, ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याची स्वतंत्र पदवी परीक्षा सुरूही झाली नव्हती, तेव्हा आपल्याकडची पोरं शेक्सपिअर आणि मिल्टन यांच्यावरचे प्रश्न सोडवत होती.

राज्यकर्त्यांना वाटलं, ही वाचतील आणि आमचे गोडवे गातील. काहींनी गायलेही. पण काहींनी वाचलं आणि आपलं डोकं चालवलं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी शेक्सपिअरचं हॅम्लेट 'विकारविलसित' या नावानं मराठीत आणलं आणि पुढं 'सुधारक' पत्रातून मुलींच्या शिक्षणाची बाजू लावून धरली.

त्याच डेक्कन कॉलेजात एक मुलगी शिकली. तिची गोष्ट आपल्या प्रत्येक गटात सांगायला हवी. कॉर्नेलिया सोराबजी हिचा जन्म १८६६ चा, नाशिकचा. १८८० च्या दशकात ती पुण्याला डेक्कन कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकली, पहिल्या वर्गात पास झाली आणि मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर ठरली. नुसती पास झाली नाही, वरच्या क्रमांकानं आली. त्या क्रमांकाला इंग्लंडला जाऊन शिकण्याची सरकारी शिष्यवृत्ती असायची. तिला ती नाकारली. कारण एकच, ती बाई होती. मग तिनं काय केलं? अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात जाऊन पुरुष विद्यार्थ्यांना इंग्रजी साहित्य शिकवलं. इंग्लंडमधल्या काही बायकांना तिची हकीकत कळली, त्यांनी वर्गणी जमवली आणि १८८९ साली ती ऑक्सफर्डला पोचली. तिथं तिनं कायदा घेतला. १८९२ साली ऑक्सफर्डची कायद्याची ती वरची परीक्षा देणारी ती पहिली बाई. परीक्षा दिली, पण पदवीचा कागद तिला मिळाला नाही, कारण ऑक्सफर्ड तेव्हा बायकांना पदवीच देत नव्हतं. पुढं परत येऊन तिनं पडद्यातल्या बायकांच्या जमीनजुमल्याच्या, वारसाहक्काच्या तंट्यांत आयुष्यभर काम केलं.

आता त्याच ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याचं काय चाललं होतं ते बघू. १८८७ साली हा विषय पदवीला ठेवावा असा प्रस्ताव आला. फ्रीमन नावाचे इतिहासाचे मोठे प्राध्यापक आडवे आले. त्यांचं म्हणणं असं, की आवडीनिवडीची परीक्षा घेता येत नाही, कवींबद्दलच्या गप्पांना अभ्यास म्हणायचं नाही. प्रस्ताव पडला. शेवटी १८९४ च्या सुमारास विषय सुरू झाला, तोही जुन्या इंग्रजीचं अवघड व्याकरण सोबत जोडून, म्हणजे कुणी त्याला सोपा म्हणायला नको. सुरुवातीच्या वर्षांत त्यात मुलींचा भरणा मोठा होता, म्हणून पुरुष मंडळी त्याला बायकांचा विषय म्हणून नाकं मुरडायची. आणि ज्या मुली तो शिकत होत्या, परीक्षा देत होत्या, त्यांना पदवी मात्र १९२० पर्यंत नाही. केंब्रिजनं तर १९४८ पर्यंत ताणलं. कॉर्नेलियाला तिचा कागद १९२२ साली मिळाला. परीक्षा देऊन तीस वर्षं झाली होती!

पुढं पहिलं महायुद्ध झालं. लाखो माणसं मेली, कामगार चिडलेला होता. तेव्हा सरकारनं हेन्री न्यूबोल्ट या कवीच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. १९२१ च्या तिच्या अहवालात सांगितलं होतं की आपली भाषा आणि तिच्यातलं साहित्य हा शिक्षणाचा पाया असावा, मग मूल गरिबाचं असो की श्रीमंताचं. यात चांगुलपणा होता आणि थोडी भीतीही होती. सगळ्यांनी एकच पुस्तकं वाचली तर समाज फुटणार नाही, असा हिशेब होता. कारण काहीही असो, शेगडीपाशी वाचायची पुस्तकं आता वर्गात आली.

वर्गात आली, पण शिकवायची कशी? याचं एक उत्तर केंब्रिजचे प्राध्यापक रिचर्ड्स यांच्या प्रयोगातून मिळालं. ते विद्यार्थ्यांना कविता वाटायचे, पण कवीचं नाव कापून. वाचा आणि काय वाटतं ते लिहा, एवढंच सांगायचे. नाव नाही म्हटल्यावर भल्याभल्यांची भंबेरी उडाली. काहींना ओळींचा साधा अर्थसुद्धा लागला नाही. नावाजलेल्या कवीची कविता त्यांनी टाकाऊ ठरवली आणि सुमार कवितेची तारीफ केली. १९२९ साली रिचर्ड्सनी यावर पुस्तक लिहिलं. नाव बघून मान डोलवायची सवय आपल्याला असते, शब्द बघायची नसते, हे त्यातून दिसलं. तेव्हापासून 'न वाचलेली कविता' हा प्रकार परीक्षेत रुळला आणि आजही ए लेव्हलला तो आहे. समोर पूर्वी न पाहिलेला कागद येतो आणि मुलीला स्वतःच्या डोळ्यांनी तो वाचायचा असतो.

१९४४ च्या कायद्यानं तिथल्या सरकारी माध्यमिक शाळांची फी गेली. १९५१ साली ए लेव्हल सुरू झाली. १९६० च्या दशकापासून फक्त सोळा ते अठरा वयाच्या मुलांसाठी वेगळी सिक्स्थ फॉर्म कॉलेजं निघू लागली. लूटन शहरातलं १९६६ चं कॉलेज त्यांतल्या पहिल्यांपैकी. ज्या घरात आधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, त्या घरांतल्या मुली आता शेक्सपिअर हातात घेऊन वाद घालू लागल्या.

त्या नेमका कसला अभ्यास करतात, हे एका पुस्तकावरून सांगते. इब्सेन या नॉर्वेच्या नाटककाराचं १८७९ चं 'डॉल्स हाऊस' हे नाटक तिथल्या एका परीक्षा मंडळाच्या अभ्यासक्रमात इंग्रजी भाषांतरातून आहे. मराठीत अनंत काणेकरांनी ते 'घरकुल' या नावानं आणलं. आपल्या घरकुल योजनेशी त्याचा संबंध नाही, पण कर्जाशी मात्र आहे!

नोरा नावाची बाई. नवरा आजारी पडतो. हवापालटाला नेलं नाही तर वाचणार नाही, असं डॉक्टर सांगतात. पैसा नाही. तिथं तेव्हा बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय कर्ज काढता येत नव्हतं. ती गुपचूप कर्ज काढते आणि जामीन म्हणून मरणाच्या दारात असलेल्या वडिलांची सही स्वतःच करते. पुढं घरखर्चातून वाचवून, रात्री जागून लिखाणाची कामं करून हप्ते फेडते. पण सावकाराच्या लक्षात येतं की वडील वारले २९ सप्टेंबरला आणि कागदावर सहीची तारीख आहे २ ऑक्टोबर. प्रकरण नवऱ्यापर्यंत जातं. ज्याच्या जिवासाठी तिनं हे केलं, तो आधी स्वतःच्या अब्रूला रडतो आणि धोका टळला की मोठ्या मनानं तिला माफ करायला निघतो. नोरा नवरा आणि तीन मुलांना सोडून घराबाहेर पडते.

आता परीक्षेत असा प्रश्न येऊ शकतो : नोराचं जाणं योग्य वाटतं का, तुमचं मत मांडा. एक मुलगी लिहील योग्य, दुसरी लिहील अयोग्य. दोघींनाही चांगले गुण मिळू शकतात. परीक्षक बघतात ते वेगळंच. तिनं म्हणणं नीट मांडलंय का? लेखकानं शब्दांतून आणि प्रसंगांतून अर्थ कसा आणलाय, हे तिला दिसलंय का? त्या काळातले कायदे आणि रीतिरिवाज तिनं ध्यानात घेतलेत का? दुसऱ्या पुस्तकाशी याचं नातं तिला जोडता येतं का? आणि आपल्याहून वेगळं मत असणाऱ्याचं म्हणणं तिनं ऐकून घेतलंय का? या सगळ्याच्या मुळाशी एकच सवय आहे. तू म्हणतेस ते कागदावर कुठं आहे, दाखव.

या विषयाला आज तिथंही उतरती कळा आहे. सगळ्यांत जास्त मुलं गणित घेतात. २०२२ साली इंग्रजी साहित्य पहिल्या दहा विषयांतूनही बाहेर गेलं. जी मुलं तो घेतात त्यांत दर चारांत जवळपास तीन मुली असतात. नोकरी कुठं लागणार, हा प्रश्न तिथल्या आईबापांनाही पडतो. तो खोटा नाही. आर्ट्स घेतलं की पोट भरेल, असं मी म्हणणार नाही. मी स्वतः बी.ए. केलं तेव्हा "लग्न होईपर्यंत काहीतरी हवंच की" असं माझ्याबद्दल बोललं जायचं. पण आज गटाची कागदपत्रं वाचताना, परिपत्रकातला एखादा शब्द अडला तर थांबून विचारताना, मला त्या तीन वर्षांचा उपयोग रोज होतो.

म्हणून मुलीनं आर्ट्स घ्यायचं म्हटलं तर तिला दोन गोष्टी विचारा. तुला पुस्तकं खरंच वाचायची आहेत का? आणि पुढं काय करायचं आहे, शिक्षिका, वकील, पत्रकार, स्पर्धा परीक्षा? दोन्हींची उत्तरं तिच्याकडं असतील तर आवाज खाली करू नका. आणि उत्तरं नसतील तर सायन्स घेतलं तरी तिचं अडणारच आहे.

आपल्या मोठ्यांसाठीही यात काही आहे. घरात पोरांचं बालभारतीचं पुस्तक असतंच. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं काढा. जिला वाचता येतं तिनं एक गोष्ट मोठ्यानं वाचावी, बाकीच्यांनी ऐकावी. मग विचारा, यातलं माणूस कसं वाटलं? जी उत्तर देईल तिला म्हणा, ताई, कुठल्या वाक्यावरून म्हणता? जिला अक्षरओळख नाही तीही यात मागं राहत नाही, कारण ऐकलेलं वाक्य तिच्या बरोबर ध्यानात असतं. दुसरीचं मत वेगळं असेल तर तिचंही ऐका.

चार-सहा बैठका असं झालं की मग गोष्टीच्या जागी कर्जाचा करारनामा ठेवा, किंवा विम्याचा कागद. तेव्हाही तोच प्रश्न विचारा. "व्याज एवढंच आहे म्हणता, साहेब, ते कुठं लिहिलंय?" असं आपल्यातली एक जरी बाई शांतपणे विचारू लागली, तर अंगठा किंवा सही करण्याआधी सगळ्याजणी थांबायला शिकतील.

तुमच्या गटात कुठली गोष्ट वाचली आणि कुणात काय वाद झाला, ते आपल्या केंद्रावर येऊन नक्की सांगा.